भाची उभी असताना

महालक्ष्म्यांची पितळी भांडी मी अंगणात काढून बसले होते. समया घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या, घागर आणि मोठं ताम्हण अजून चिंचेच्या कोळात भिजत होतं, आणि माझे हात मनगटापर्यंत काळे झाले होते. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. उन्नतीनं स्कूटी भिंतीला टेकवली आणि हेल्मेटसकट येऊन पायरीवर बसली.

"काकू, एक सांगा. माणूस तोंडावर एक अन् पाठीमागं एक, असा कावून वागते?"

"कोण वागलं?"

"मामा."

"रामाजी? अगं, आधी ते हेल्मेट तर काढ. डोक्यावर पातेलं घालून भांडायला आल्यासारखी दिसतेस."

तिनं हेल्मेट काढलं. डोळे लाल झालेले होते. धुळीनं नव्हे, हे मला कळलं. घागर तशीच राहू दिली, हात धुतले आणि तिच्यासाठी पाणी आणलं.

उन्नती ही आमच्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधल्या मथुराची मुलगी. मथुरा आणि मी दर गुरुवारी भजनाला सोबत जातो. तिचा नवरा बळीराम भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो. मूळची माणसं साकोलीकडची, धानाच्या शेतीतली. सेक्टर सहामध्ये आमचं बिऱ्हाड आलं तेव्हा उन्नती फ्रॉकमध्ये होती आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या अंगणातून मोजायची. "काकू, आज तुमची दाळ कच्ची राहीन, एक शिट्टी कमी झाली," असं कुंपणावरून ओरडून सांगायची. दुर्गला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. प्लांटची परीक्षा दिली, त्यात थोडक्यानं राहिली. मग नंदिनी रोडकडच्या एका खासगी कारखान्यात लागली. तिथे रोल घासून देतात.

रोल म्हणजे मिलमधलं लाटणं. आपण पोळी लाटतो तसं तिथे लालभडक लोखंड दोन रोलांमधून दाबून काढतात. लाटण्याला खाच पडली की पोळीवर वळ उठतो, तसंच लोखंडाचंही होतं. मग तो रोल काढून या कारखान्यात आणायचा, मोठ्या यंत्रावर चढवायचा आणि फिरत्या दगडानं घासून पुन्हा गुळगुळीत करायचा. दगड म्हणजे ग्राइंडिंग व्हील. पण कारागीर त्याला दगडच म्हणतात, म्हणून उन्नतीही म्हणते.

तिचं काम रोल घासायचं नाही. रोल घासायला किती वेळ लागेल, ते आधी सांगायचं. यातला 'आधी' महत्त्वाचा. तिच्या आकड्यावर मालक मिलवाल्यांना तारीख देतो.

पहिल्यांदा तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे पाहुणे किती ते कळलं की स्वयंपाकाला किती वेळ लागेल, तसंच ना?"

"हाओ काकू. पण नुसती पोळी तव्यावर टाकल्यापासून उतरवेपर्यंत नाई. कणीक मळणं, तवा तापणं, मधे पोळपाट पुसणं, समदं धराव लागते."

मग तिनं एकेक सांगितलं. क्रेननं रोल चढवायचा, तो सरळ बसला का ते पाहायचं. किती घासायचं आणि दगड एका खेपेला किती खाणार, त्यावरून खेपा काढायच्या. मधे दगड बोथट झाला की हिऱ्याच्या टोकानं तो सोलून पुन्हा धारदार करायचा. घासून रोल तापतो, तापला की फुगतो, म्हणून तो थंड झाल्याशिवाय मापायचा नाही. आणि शेवटी दाब न वाढवता दगड नुसता फिरवत राहायचं, ठिणग्या आपोआप विझेपर्यंत. एवढं सगळं बेरजेत आलं पाहिजे.

"अन् तरी बी चुकते," ती म्हणाली होती. "कारण सगळ्यात कठीण माणूस असते. मी घड्याळ घेऊन उभी राहते, ते ठीक. पण समोरचा त्याच्या रोजच्या हातानं काम करून राहिला का जोरात करून राहिला, हे मलेच ठरवावं लागते. तो आज जोरात असन त मी तेवढा टाइम वाढवून लिहायचा. ढिला असन त कमी करायचा. ते जजमेंट चुकलं का पुरं गणितच बेकार."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. पोथी वाचताना मीही कधी घाईत असते, कधी रमते. माझ्या वाचनावरून कुणी अध्यायाचा वेळ काढायचा म्हटलं तर बिचाऱ्याची पंचाईतच होईल.

कारखान्यात ती पहिलीच मुलगी. सुरुवातीला कारागीर चिडवायचे. ती घड्याळ घेऊन आली की एकजण मुद्दाम यंत्राला नमस्कार करून म्हणायचा, "चलो भई, परीक्षा शुरू." दुसरा तिच्यासमोरच दोन-दोनदा चहाला निघून जायचा. ती घरी येऊन रडायची आणि सकाळी पुन्हा डबा घेऊन जायची. मग एके दिवशी मोठ्या यंत्रावरच्या म्हाताऱ्यानं, रामाजींनी, तिला गाव विचारलं. तिनं आईचं माहेर सांगितलं. म्हातारा दगड बंद करून खाली उतरला.

"तू मथुराची पोरगी? अव माय! मथुराच्या बापाच्या बांधाले आमचा बांध. लहानपणी तिले मी खांद्यावर बसवून मंडईले नेलं. मंग मी तुहा मामाच झालो ना!"

आणि सगळ्यांच्या देखत त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला.

उन्नती चार पावलं मागे सरकली. "मामा! लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. भाचीच्या पाया पडलो, चोरी नाई केली."

ही इकडची रीत. छत्तीसगढमध्ये कौसल्यामातेला या मातीची लेक मानतात, म्हणून राम सगळ्यांचा भाचा. त्यामुळे इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचीच्याही. तिच्याकडून पाणीसुद्धा मागून पीत नाही. तिला ओझं उचलू देत नाही. भाचीची सेवा घेतली की पाप लागतं म्हणतात. रामाजी भंडाऱ्याकडचे असले तरी उभी हयात इकडचं पाणी प्यालेले. आमच्या विदर्भातल्या माणसानं इकडची एक रीत उचलली, तर ती इकडच्यांपेक्षा जास्त कडक पाळतो. रामाजींचं तेच झालं. त्या दिवसापासून उन्नतीची बॅग ते काढून घेणार, तिच्या हातात कुणी जड काही दिलं की ओरडणार, आणि "परीक्षा शुरू" म्हणणाऱ्यांना एकदा त्यांनी असं काही सुनावलं की ते पुन्हा बोलले नाहीत.

उन्नती हसून सांगायची, "काकू, मले आता देवी करून ठेवलं मामानं. फक्त नारळ फोडायचा राहिला."

तीच मुलगी आज लाल डोळ्यांनी पायरीवर बसली होती.

"काय केलं रामाजींनी?"

"मी उभी असली का रोल बराबर टाइमात. मी ऑफिसात गेली का तोच रोल, तोच दगड, अन् पाऊण तास जास्त. एकदा नाई काकू, दरवेळी." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "सव्वादोन तासाचा टाइम मी मामाच्याच मशीनवर काढला होता. त्यावर रोशन सरांनी मिलले तारीख दिली. आता गाडी लेट चालून राहिली. सर मले विचारते, मॅडम आपका टाइम सही है ना? माझा टाइम सही हाये. मी सोता पाहिलं. मग मी सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"का मामाजी मेरे पीछे ढीले पड़ जाते हैं."

रोशन म्हणजे मालकाचा मुलगा. नुकताच कारभार बघायला लागलाय. उन्नतीला त्यानं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, आणि विश्वकर्मा पूजेनंतर पक्कं करायचं ठरलं होतं. ते या एका कामावर होतं. मोठ्या मिलचे रोल तिच्या वेळेत निघाले तर पक्क्या नोकरीचं पत्र, नाही तर नाही. मथुरानं त्या पत्रासाठी दुर्गाई देवीला साडी बोलली होती. घरात स्थळांचे फोटो येऊन पडले होते, आणि बळीराम म्हणाला होता, पोरगी पक्की झाली तर दोन वर्षं कुणी तिच्यासमोर फोटो ठेवणार नाही.

"मग?"

"मग सर मामाले बोलले. समद्यांसमोर. का मॅडम सव्वादोन म्हणते, त सव्वादोनच पाहिजे. अन् आज..." तिनं नाक पुसलं. "आज रोल जळाला. मी नव्हती तिथं. पुऱ्या रोलवर भुरे भुरे डाग. दगड सोलला नसन, बोथट दगडानं रगडला. सर म्हणते पूजेनंतर मामाले मशीनवरून उतरवतो, तेल-पाण्याच्या कामाले लावतो. अन् मामा काय म्हणाले माहीत हाये? 'चूक झाली साहेब.' बस. माझ्याकडं पाहिलंबी नाई. मले राग बी येऊन राहिला अन्..."



मी म्हटलं, "मामालाच विचार ना सरळ."

"कसं विचारू? चुगली मीच केली."

मी तिच्या हाताला चिंच लावली आणि ताम्हण पुढे सरकवलं. घासताना माणूस बोलत नाही, तेवढं बरं असतं. तिनं ताम्हण लख्ख केलं आणि गेली.

महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवण. माझ्याकडे दरवर्षी घर भरतं. सोळा भाज्या, पुरणाची पोळी, आंबील, कढी, भजी, आणि पडवळ मिळालं नाही तर शेजारणींचे टोमणे. आमच्या ह्यांनी सकाळपासून केळीची पानं पुसली. पहिली पंगत उठून गेली, मग बायका बसल्या. मथुरा आली आणि सोबत रामाजींच्या पत्नीला, पंचफुलाबाईंना घेऊन आली. बाई बारीक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, जीभ धारदार. देवीपुढे ओटी ठेवून नमस्कार केला, पानावर बसल्या, आणि वाढायला उन्नती समोर आली तशा ताडकन उठल्या.

"तू नको वाढू बाई! ह्यांना कळलं का भाचीनं वाढलं अन् मी खाल्लं, त मले घरात घेणार नाई. बस तू. मी वाढते."

"मामी, तुम्ही पाहुण्या हो."

"पाहुणी राहीन आपल्या घरची. बस म्हणते ना!"

सगळ्या हसल्या. पंचफुलाबाईंनी पदर खोचला, पुरणाचं ताट उचललं आणि उन्नतीच्या पानात दोन पोळ्या टाकल्या. वर तुपाची धार धरली. ती धार थांबेना तेव्हा मी म्हटलं, "बाई, पुरे, पोरगी वाहून जाईल."

"खाऊ द्या. हिच्या घड्याळानं माह्या म्हाताऱ्याचं खाणं बंद केलं, हिनं तरी खावं."

हसणं थोडं कमी झालं. उन्नतीनं वर पाहिलं. "माझ्या घड्याळानं?"

"त काय. घरी येते त हात असे कापते." त्यांनी तुपाची वाटी हलवून दाखवली. "भाजीची फोड पानावर पडते. मी म्हटलं दवाखान्यात चला. त म्हणते, काही नाई, भाचीचा टाइम घेणं चालू हाये."

"मामी, मी काय केलं? मी त नुसती उभी राहते."

"तेच त!" पंचफुलाबाई ताट कंबरेवर घेऊन उभ्या राहिल्या. "तू उभी राहते ना. भाची उभी अन् मामा बसन? रोल थंडा व्हायची वाट पाहायची रीत हाये. दगड सोलायची रीत हाये. चहाची रीत हाये. हे म्हणते, पोरगी तेलाच्या फवाऱ्यात उभी हाये, पाय दुखत असन, अजून एक खेप मारतो अन् आटपतो, जाऊ दे तिले बसाले. थंडा नाई होऊ देत. मापाले हात लावते त चटका बसते. बोटं पाहा जाऊन."

"अन् मी नसली का?"

"तू नसली का आपल्या हातानं करते. जसं जनमभर केलं तसं. त साहेब म्हणते म्हातारा ढिला झाला." त्यांनी पुढच्या पानावर पोळी टाकली. "आता तू नसली तरी बी धावते. साहेबानं भाचीच्या नावानं बोललं ना. परवा दगड सोलला नाई. रोल जाळला. जनमात पहिला रोल जाळला ह्या माणसानं."

पंचफुलाबाईंना वाटलं आपण जास्त बोललो. "माफ करजा बाई, देवीसमोर तोंड चाललं माहं," म्हणून त्या आंबील आणायला आत गेल्या.

उन्नतीचा हात पोळीवर तसाच होता. नंतर जेवण आटोपून ती मागच्या दारी खरकटी पानं टाकायला आली, तेव्हा मला म्हणाली, "काकू, मी मामाचा हात कधी पाहिलाच नाई. मी जे पाहिलं ते मामा नव्हतेच. अन् मी सरांना सांगितलं का मामा खोटं वागते."

मथुरानं हे ऐकलं. तिच्या हातात हळदी-कुंकवाची वाटी होती.

"आता कोठी सांगत बसू नको," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पूजेले चार रोज नाई राहिले. पत्र हातात येऊ दे. मंग सांगजो, टाइम थोडा वाढवा म्हणून."

"तोवर मामाले मशीनवरून उतरवतीन आई."

"उतरवलं त पगार त देतीन ना? रामाजीदादाले मी समजावते. ते तुह्यासाठीच त करून राहिले. त्यांचं केलेलं मातीत कावून घालते तू?"

मथुराचं चुकलं असं मला वाटलं नाही. आईनं तेवढं म्हणायचंच. उन्नती देवीपुढे जाऊन नुसती उभी राहिली, पण हात जोडले नाहीत. हात खरकटे होते म्हणून असेल.

विश्वकर्मा पूजेला सगळ्या भिलाईतली यंत्रं बंद असतात. कारखान्याची दारं त्या दिवशी घरच्यांना उघडी. मथुरा एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मीही गेले, घरचा शिरा डब्यात घेऊन. एरवी आत काय आवाज असेल ते कळत नव्हतं, इतकी शांतता होती. फरशी धुतलेली, तरी तेलाचा वास जात नव्हता. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळदी-कुंकू, पुढे नारळ. रामाजींचं यंत्र सगळ्यात लांब, एखाद्या खोलीएवढं. त्याच्या दगडाच्या लोखंडी झाकणावर त्यांनी स्वतः स्वस्तिक काढलं होतं. पांढरा सदरा घालून ते बाजूला उभे होते. उन्नती येताच वाकले. तिनं आज त्यांचे हात धरले आणि पालथे करून पाहिले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड बसून काळे झालेले.

"काही नाई, तेल उडालं," रामाजी म्हणाले.

"तेल नाई. तापला रोल मापला तुम्ही."

रामाजींनी हात खिशात घातले.

पूजा झाली, आरती झाली. रोशन बुंदी वाटत फिरत होता. तिशीतला, चांगला मुलगा, मलासुद्धा "आंटी जी, प्रसाद" म्हणून आधी दिला. उन्नती त्याच्यासमोर गेली. मी आणि मथुरा दोन हातांवर होतो. मथुरानं माझा दंड धरला.

"सर, एक बात है. सव्वा दो घंटे वाला टाइम गलत है."

रोशनच्या हातातला द्रोण तसाच राहिला. "उन्नती जी, आज पूजा के दिन?"

"आज नाई बोलली त उद्या मामाजी मशीनवर नसतील," ती मराठीतच बोलून गेली, मग हिंदीत आली. "सर, मामाजी धीमे नहीं हैं. मैं खड़ी रहती हूँ तो वो भागते हैं. मैंने भागता हुआ आदमी नापा और लिख दिया कि ये रोज का हाथ है. गलती मेरी है."

"और वो जो आपने कहा था, कि पीछे ढीले पड़ जाते हैं?"

"वो भी गलत था."

रोशननं बुंदीची परात खाली ठेवली. "आपको मालूम है डेट मैंने आपके भरोसे पे दी है? पापा ने मना किया था. मैंने कहा, नहीं, लड़की का हिसाब पक्का है."

रोशननं केबिनकडे बोट दाखवलं.

"आपका लेटर टाइप हो के रखा है. मेरी दराज में."

"मालूम है सर."

"अब वो नहीं दे सकता. समझ रही हैं?"

मथुराची नखं माझ्या दंडात रुतली. उन्नतीनं मान हलवली.

हे सगळं ऐकून रामाजी पुढे आले, आणि मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. रोशनवर नाही, तिच्यावर.

"कावून सांगितलं तू? मी करून राहिलो होतो ना! चार रोल राहिले होते. काढले असते मी!"

"मामा, एक जळाला."

"जळाला त जळाला. पुन्हा घासला असता!"

"अन् तुमचे हात?"

"माहे हात माहे हायेत. तुले कोण विचारलं?"

"मीच विचारलं! मीच त टाइम लिहिला तुमच्या हाताचा!" तिचा आवाज चढला, लोक वळून पाहू लागले. "तुम्ही मले देवी करून उभं केलं, अन् सोता पळत सुटले. अशानं मले कोणाचाच टाइम काढता येणार नाई. मग मी इथं कशाले येऊ? पाया पडून घ्याले?"

रामाजींनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"मंग तू उभी नको राहू," ते अगदी हळू म्हणाले.

"उभी नाई राहिली त टाइम कसा घेऊ?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. सरळ रोशनच्या केबिनमध्ये गेले, आणि आतली मोठी, गादीची, चाकांची खुर्ची ढकलत बाहेर घेऊन आले. धुतलेल्या फरशीवरून ती खुर्ची खडखडत यंत्रापर्यंत आली.

"बस. भाची बसली का मामाले घाई नाई."

"अरे रामाजी, वो मेरी कुर्सी है!" रोशन म्हणाला.

"मालूम है साहेब. अच्छी है."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. रोशनलाही आवरलं नाही, पण त्यानं लगेच तोंड गंभीर केलं. म्हणाला, ठीक आहे, रामाजी मशीनवरच राहतील. मॅडम नवा टाइम काढतील. पत्राचं दिवाळीनंतर पाहू, तेही या कामात आणखी गोंधळ झाला नाही तर. आणि मिलवाल्यांना फोन मात्र तो करणार नाही. तारीख जिच्या आकड्यानं दिली, तिनंच ती पुढे न्यायची.

येताना मी आणि मथुरा ऑटोत होतो. उन्नती स्कूटीवर पुढे गेली होती. पॉवर हाऊस चौकापाशी आल्यावर मथुरा म्हणाली, "दुर्गाईले साडी बोलली होती मी. आता देऊ का नको?" मी म्हटलं, देऊन टाक. ती म्हणाली, "पत्र त नाई आलं." थोडं पुढे गेल्यावर तीच म्हणाली, "पण पोट्टी बोलली बराबर," आणि पदरानं तोंड पुसलं.

नवा वेळ काढायला उन्नती मालकाच्या खुर्चीत बसली, हे तिनंच मला येऊन सांगितलं. पहिल्या रोलला रामाजींना तरी जमेना. दर खेपेला वळून पाहायचे, बसली आहे ना. तो रोल तिनं हिशोबात धरलाच नाही. दुसऱ्याला ते जरा विसरले. दगड सोलला. रोल थंड व्हायला सोडून डब्यातला चिवडा काढला, आणि तिच्या आजोबांच्या बांधावरच्या भांडणाची गोष्ट सांगितली, जी तिला आईनं कधी सांगितली नव्हती. शेवटच्या ठिणग्या विझेपर्यंत दगड फिरवत राहिले, घाई न करता. नंतरच्या रोलांना तर ती आहे की नाही, याचंही त्यांना भान नव्हतं.

"किती आला मग वेळ?" मी विचारलं.

"तीन तासाच्या थोडा अलीकडं. चहा धरून." ती हसली. "अन् काकू, चिवडा बी धरला मी. रोल थंडा होईपर्यंतच खाल्ला त्यांनी, म्हणून वेगळा टाइम नाई लागला."

"पत्राचं काय?"

"दिवाळीनंतर. पाहू." तिनं खांदे उडवले, पण नजर खाली होती. "सर अजून नीट बोलत नाईत. बोलायचं कारण बी नाई. आईनं एक फोटो पुन्हा टेबलावर काढून ठेवला. मी त्यावर कॅल्क्युलेटर ठेवलं."

मी तिला महालक्ष्मीचा उरलेला लाडू दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधला, मामीसाठी. मामा भाचीच्या हातचं घेणार नाहीत, पण मामीनं दिलेलं खातील, असं तिचं गणित.

सोमवारी सकाळी ती त्या मोठ्या मिलमध्ये जाणार आहे, रायपूरजवळच्या उरला गावात, रोलांची नवी तारीख सांगायला.